गोगलगायीचा फोन

सोमवार, ३ मार्च

गोगलगायीने आज कपाळ फोडून घेतलं. स्वतःचंच! कोठडीच्या दारावर आपटून आपटून — दार लाल. कारण काय, तर आईला फोन. गेल्या आठवड्यात त्याने बेसिन उखडून भिंतीवर मारलं, म्हणून फोन बंद. डॉक्टरीणबाईंचा नियमच आहे, अशा कैद्याला सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. एकाने हो म्हटलं नि दुसऱ्याने नाही, की दुसऱ्याच्या जिवावर बेततं.

भावजी हसतात. ताईचे यजमान, आणि इथे आमचे जमादार. दोन खून केलेल्या माणसाला औषध एकच, दंडुका, असं त्यांचं मत. पण नियम पाळतात.

मला ते रक्त बघवेना. म्हटलं, थांब बाबा, उद्या लावून देतो फोन. लगेच थांबला. थँक यू म्हणाला! गोगलगाय नि पोटात पाय — नाव काय उगीच पडलं?

मंगळवार, ४ मार्च

सकाळी भावजींना सांगणार होतो. ते लेकीच्या लग्नाचं बोलत बसले, राहून गेलं.

चहा घेताना त्याने फोनचं विचारलं. भावजी नाही म्हणाले. ब्रशची दांडी घासून टोक काढलं होतं, ती भावजींच्या डाव्या डोळ्यात! मी धावलो तेव्हा तो त्यांच्या छातीवर बसून दुसरा डोळा शोधत होता. आवाज अगदी शांत. "तुम्ही खोटं बोललात. तुम्ही लोक खोटं बोललात."

खोटं मी बोललो होतो.

चौघांनी आडवा केला. बेड्या पडल्यावरही मी लाथा घालतच होतो. बरगडी मोडलेली बुटातून कळते. बरं वाटलं — फार बरं वाटलं.

बुधवार, ५ मार्च

डोळा गेला. ताई माझा हात धरून म्हणाली, तू होतास म्हणून हे वाचले.

शुक्रवार, ७ मार्च

मीटिंग. याला इथे ठेवायचं की दुसऱ्या तुरुंगात पाठवायचं? बाईंनी प्रत्येकाचं मत घेतलं. सगळे म्हणाले, पाठवा. आचारी म्हणाला, विष घालतो, तेवढाच प्रवासखर्च वाचेल. एकट्या बाई ठेवा म्हणत होत्या. मंगळवारपासून तो कुणाशी बोललेला नाही, सोमवारी आपल्याशी बोलेल, असं का केलं ते सांगेल, अशी त्यांची खात्री. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. मार तुझ्या घरच्या माणसाला बसलाय, तूच सांग.

मी म्हणालो, "राहू दे."

बाईंचे डोळे भरून आले. तुझ्यासारखे आणखी चार हवेत, म्हणाल्या.

शनिवार, ८ मार्च

त्याला आंघोळीला नेण्याची उद्याची ड्यूटी मागून घेतली. न्हाणीघरात कॅमेरा नाही.