परतीचं गाठोडं

आये,

एका परक्या देशाच्या सरकारनं तुझ्या घोंगड्यातली कुसळं जप्त केली आहेत आणि त्याबद्दल मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. ऐकून घेणारं इथं कुणी नाही, म्हणून तुला लिहितो. तुला वाचता येत नव्हतं ही अडचण आता राहिली नसावी. न्यूझीलंड म्हणून एक देश आहे, पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. तिथं बाहेरची माती, बी, गवताची काडी आत येऊ देत नाहीत. विमानतळावर एका बाईनं आधी माझे बूट उलटे केले. निघायच्या आधी मी दहिवडीकडं आपल्या माळावर जाऊन आलो होतो, ती माती तळव्याच्या खाचांत बसली होती. बाईनं बूट आत नेले आणि धुऊन-पुसून आणून दिले. लग्नात जावयाचे पाय धुतात तितक्या आदरानं, हेतू तेवढा उलटा. मग घोंगडं. तिनं ते टेबलावर पसरलं, दिवा जवळ ओढला आणि चिमट्यानं एकेक कुसळ उपसून पिशवीत टाकत राहिली. सूत तू कातलेलं, विणलं सनगरानं, आम्ही इतकी वर्षं झटकून झटकून वापरलेलं; त्यात आपल्या माळाचं कुसळ अजून शिल्लक असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. मागची रांग घड्याळं बघत होती. तुझी सून दुसऱ्याच कुणाची तरी बायको असल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली.

तुझी नात तिथं ऑकलंडला नोकरी करते. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता रस्ता ओलांडताना ती आमचे हात धरते. तिला रजा कमी, म्हणून तिनं आम्हाला आधी एका मराठी सहलीत बसवून दिलं आणि सहल संपली की माझ्याकडं राहायला या म्हणाली. महाकाव्यात नगर, पर्वत, समुद्र, उद्यान, जलक्रीडा, सगळं आलंच पाहिजे असा मी कॉलेजात शिकवतो त्या संस्कृत काव्यशास्त्राचा आग्रह असतो आणि त्यापायी कवीची सर्गामागून सर्ग दमछाक होते. सहलवाल्यांनी ते सगळं दोन आठवड्यांत बसवलं, वर रोज संध्याकाळी वरण-भात. ऑकलंडचा मनोरा झाला, वेलिंग्टनचा वारा झाला. रोटोरुआला जमिनीतून चिखल उकळून वर येतो, पिठल्यासारखा रटरटतो, वास मात्र नासक्या अंड्यांचा. मिलफर्ड साउंडला समुद्र डोंगरांच्या पोटात शिरलाय आणि कड्यांवरून धबधबे थेट त्या खाऱ्या पाण्यात पडतात. सगळे फोटो काढत होते. मला तुझा आवाज ऐकू आला, ‘एवढं ग्वाड पानी, आन् दिलं समुद्राला!’ मी हसलो, तर तुझी सून म्हणाली, “एकटेच काय हसताय? फोटोत तोंड नीट ठेवा.”

तसं पाहिलं तर घरातली खरी प्रवासी तूच. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं, बिऱ्हाड घोड्यावर चढायचं, बाप मेंढरं घेऊन पुढं आणि तू घोडा, कोकरं आणि मला घेऊन मागं. तुझ्या देशातली महानगरं दोनच, बाजाराचं लोणंद आणि उसाचं आष्टा. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे औंधचा यमाईचा डोंगर. त्याला तू चालता चालता हात जोडायचीस, थांबायची नाहीस, कारण पायथ्याला चारा नसायचा. नुसतं बघायला म्हणून माणूस इतक्या लांब जातं, हे तुला सांगितलं असतं तर तू माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. नवं शिवार आलं की बाप पुढं जाऊन यायचा आणि तू विचारायचीस, “आवं, चारा हाय का? पानी? आन् मानसं ऱ्हाऊ देत्यात का हाकलत्यात?” तुझं सगळं प्रवासवर्णन एवढ्यात संपायचं.

क्वीन्सटाउनच्या वाटेवर बस थांबली आणि मी उतरलो तर डोंगरभर मेंढरं. गुडघाभर ओलं हिरवं गवत, मेंढरं धष्टपुष्ट, लोकर अंगावर मावत नाही अशी, आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. नुसतं तारेचं कुंपण. आमच्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी कुंपणाशी उभं राहून बारीक पाहणी केली.

“आवं सर, ह्यांचा कमांडर कुठाय?”

“कुणी नाही.”

“आन् रातीला ड्यूटीवर?”

“कुणी नाही. इथं लांडगाच नाही, सुभेदारसाहेब.”

“लय मजा हाय की मग. आन् चालायला कवा निघत्यात?”

“निघत नाहीत. इथंच जन्मायचं, इथंच चरायचं.”

“म्हंजे पेन्शनीतच जन्माला आल्यात,” सुभेदार म्हणाले आणि चहाच्या रांगेत गेले. मी मात्र तिथंच राहिलो. तुझ्या मेंढरांच्या अंगावर इतकी लोकर कधीच नव्हती. पण जेठ लागून वारा फिरला की ती सगळी आपल्या माळाच्या दिशेला तोंड करून उभी राहायची, हाकावं लागायचं नाही. ही मेंढरं चारी दिशांना तोंडं करून चरत होती.

आष्ट्याचं ते शेत मला अजून दिसतं. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. आपली मेंढरं शेताच्या मालकानं खतासाठी त्याच्या रानात बसवून घेतलीत, भोवतीनं वाघरीची जाळी ताणलीय, शेजारून पाट वाहतोय. शेताची मालकीण ताकाचा तांब्या घेऊन तुझ्याजवळ येऊन बसलीय. “दरसाल कशाला गं पाय तुडवता? त्या खोपीत ऱ्हावा की हितंच. पोराला शाळंत घाला.” तू नुसती हसतेस. मध्येच मी बोलतो, “ऱ्हाऊया की आये! लय ग्वाड पानी हाय हितलं.” ती गेल्यावर तू बिऱ्हाडावरचं एक गाठोडं उचलतेस आणि माझ्या मांडीवर आदळतेस. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं बाजरीचं बियाणं. मृगात आपल्या माळाच्या तुकड्यात पेरायचं. हिवाळा-उन्हाळाभर ते बिऱ्हाडात सगळ्यात वर असायचं आणि कधी सुटायचं नाही. पीठ संपून आपण नुसत्या कण्या उकडून खाल्ल्या, तेव्हाही नाही.

“धर. जड लागतंय का?”

“व्हय.”

“ह्ये हाय तंवर आपुन हितं पावनं. ज्या दिशी ह्ये शिजवून खाल्लं, त्या दिशी आपलं गाव संपलं. आता बोल. ऱ्हायचं?”

मी रडायच्या बेतात आलो, तशी तू तांब्यातलं उरलेलं ताक माझ्यापुढं सरकवलंस.

आणि पुढच्याच साली त्याच गावात मला शाळेत ठेवलंस. शिकायचं तर एका जागी बसावं लागतं, हे तुला कुणी सांगितलं आणि ते तू कसं मान्य केलंस, मी कधी विचारलं नाही. वसतिगृहातल्या एका गुरुजींमुळं मी संस्कृताला लागलो. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, “त्यात बोलतं कोन?” म्हटलं, आता कुणी नाही. “मग भांडान तरी व्हत नसंल. घे.” मृगाच्या तोंडावर परत निघालीस की शाळेच्या फाटकाशी घोडा थांबवायचीस. ‘चल’ कधी म्हणाली नाहीस. माझ्या डोक्यावरून हात फिरवायचीस, मग तोच हात वर नेऊन गाठोडं जागेवर आहे का ते चाचपायचीस आणि निघायचीस. मी आधी आष्ट्याला राहिलो, मग सांगलीला. नोकरी, लग्न, घर, सगळं पाण्याकाठी. माळावर जात राहिलो ते पाहुण्यासारखा.

सहल संपल्यावर आम्ही लेकीकडं राहिलो. तिनं कुठल्याशा दुकानातून बाजरीचं पीठ शोधून आणलं होतं. भाकरी थापता थापता, पाठमोरी, म्हणाली, “बाबा, रिटायर झालात की इकडंच या ना. कायमचे.” तुझी सून भांडी विसळत राहिली, म्हणजे तिला हे आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, “अगं, माझं संस्कृत घेऊन इथं मी काय करू?” तर म्हणते कशी, “तिकडं तरी कोण बोलतंय तुमच्याशी संस्कृतात?” तू तिला बोलायला शिकवायला नव्हतीस, तरी ही जीभ तिला कुठून मिळाली कळत नाही. भाकरी तिला तुझ्यासारखी जमत नाही, कडा फुटतात. पण उलटताना ती तुझ्यासारखाच खालचा ओठ दुमडते.

तुझे तीन प्रश्न मी तिथं स्वतःला विचारून पाहिले. चारा आहे. पाणी आहे, आणि गोड आहे. माणसं राहू देतात, बूट तेवढे आधी धुऊन घेतात. उत्तरं सगळी चांगली आली, आणि चौथा प्रश्न तू कधी विचारायचीच नाहीस, कारण त्याचं उत्तर बिऱ्हाडावर सगळ्यात वर बांधलेलं असायचं.

परत येऊन महिना होत आला. घोंगडं आता मऊ झालंय, अंगाला टोचत नाही. तुझ्या सुनेला ते फार पसंत आहे. मला त्यात झोप येत नाही. हे पत्र त्याच्याच घडीत ठेवीन म्हणतो. टपालखात्याला तुझा पत्ता विचारून उगीच कुणाला कामाला लावायला नको.

पण आये, कुसळांची तक्रार खरी नव्हे. लेक परत येणार नाही याचीही काळजी मला नाही, ते मी ती पहिल्यांदा तिकडं निघाली त्याच दिवशी विमानतळावर ओळखलं होतं. काळजी माझी आहे. तिनं विचारलं तेव्हा संस्कृताचं निमित्त सांगून झाल्यावर मला ‘नको’ म्हणायचं होतं आणि तोंडून गेलं ‘बघू’. मला तिथं आवडलं. तू होतीस तोवर परतीचं गाठोडं तुझ्याजवळ होतं, म्हणून मी कुठंही निर्धास्त राहिलो. माझ्याजवळ तसलं काही नाही, आणि पुढच्या खेपेला गेलो तर मी परत येईन असं मला वाटत नाही.