बाबांच्या हातची कॉट

जठारपेठ, अकोला
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आचल हिला,
तुला आणि पोटातल्यालाही मोठ्या जावेचे आशीर्वाद.

पायांची सूज उतरली का? लोणच्याची बरणी कुलदीप भाऊजींच्या ताब्यात दे आणि मागितली तरी देऊ नका म्हणावं. इकडे आत्ताच दुपारी पंखा लागतोय. हे ठीक आहेत, नेहमीसारखे कमी बोलतात. माझ्या शिकवणीची मुलं परीक्षेमुळे सकाळीच येऊन बसतात.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की तू स्पीकर लावून पोळ्या लाटतेस आणि भाऊजी मधूनच बोलतात. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचं होतं.

दुकानातल्या कॉटचे फोटो तू पाठवलेस. त्यातली एखादी घ्यावी, की गावी आपल्या सासरेबाबांनी बनवलेली आणावी, असं विचारलंस. दुकानातली घे. फोटोतली पांढरी नको, तिची एक बाजू खाली सरकते. असले खटके वापरून ढिले होतात. चारही बाजू पक्क्या असलेली पाहा. दोन दांड्यांमधल्या फटीत तुझी तीन बोटं जेमतेम जावीत, त्याहून जास्त फट नको. दुकानदार हसेल, हसू दे. गादी कडक हवी आणि चौकटीत घट्ट बसायला हवी. कडेने हात गेला तर परत कर. आत उशी ठेवायची नाही, आईंनी शिवलेली मोहरीची उशीसुद्धा नाही. जाड दुलई नाही, खेळणी नाहीत. बाळाला पाठीवर निजवायचं.

गावची कॉट जुनी झाली आहे. जडही फार. तुमच्या जिन्याच्या वळणावरून ती वर चढायची नाही. इतकी वर्षं माळ्यावर पडून आहे, वाळवीही लागली असेल. नवीन लेकराला नवीन वस्तू असावी. बाबांना काय सांगायचं ते तू तुझ्या परीने ठरव. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

सोबत कुरड्या पाठवते. आता तळून खाऊ नकोस, उन्हाळ्यासाठी ठेव.

तुझी,
रागिणीताई


साईनगर, अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

ताई, नमस्कार.

कुरड्या मिळाल्या आणि थोड्या तळून खाल्ल्यासुद्धा, आधीच सांगून टाकते.

तुमचं पत्र वाचून मी बाबांना फोन केला. जिना अरुंद आहे म्हटलं. ते म्हणाले, "उकलून आनतो, वर जोडून देतो." मग वाळवीचं काढलं. त्यावर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "वाळवी? माह्या सागाले? बाई, त्याले वाळवी लागली तं मी मिशी काढून टाकीन." ताई, त्यांनी कॉट माळ्यावरून कधीच खाली काढली आहे. महाशिवरात्रीच्या आधी टेम्पोने घेऊन येतो म्हणाले. सत्तरीचा माणूस फोनवर लहान मुलासारखा बोलत होता. मी बरं म्हणून फोन ठेवला.

ह्यांना विचारलं. ते म्हणाले, वहिनीचं मनावर घेऊ नकोस, तिला ते सगळं आठवत असेल.

आता मी स्पष्टच विचारते, रागावू नका. तुमच्या आर्वीबद्दल मला लग्नानंतर एवढंच सांगितलं गेलं, की कफ झाला होता आणि झोपेत गेली. तिच्या कॉटमध्ये माझं लेकरू निजलेलं तुम्हाला पाहवणार नाही, असं आहे का? असेल तर तसं लिहा. मी समजून घेईन, देवाशपथ घेईन. पण वाळवी आणि जिना पुढे करून बाबांचं मन माझ्या हातून मोडायला लावू नका. ते तुमच्यावरही किती माया करतात.

तुमची,
आचल


अकोला
१२ फेब्रुवारी २०२५

आचल,

पत्र आलं तेव्हा भाजी चिरत होते. ती तशीच राहिली, संध्याकाळी ह्यांनी येऊन झाकली.

तू विचारलंस ते बरोबर आहे. उत्तर मात्र ते नाही. तुझं लेकरू आर्वीच्या झबल्यात, तिच्या गोधडीवर, कशावरही निजलेलं मला पाहवेल. त्या कॉटमध्ये नाही, कारण आर्वी कफाने गेली नाही.

तिचं नाव ठेवलं तेव्हा बाबांनी आम्हाला खूप चिडवलं होतं. "गावाचं नाव काहून ठेवता पोरीले? दुसरीले का पुलगाव म्हनसान?" पण तिला खांद्यावरून खाली ठेवत नसत. धुऱ्यावरचा, वावराच्या बांधावरचा जुना साग वादळात पडला होता, तो त्यांनी कापून वाळवून ठेवला होता. सुतार लावला नाही. पावसाळाभर गोठ्यात बसून स्वतः रंधा मारला. दांडे इतके गुळगुळीत की हात फिरवला तर कुठे कुसळ लागू नये. फक्त दोन दांड्यांत अंतर किती असावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे लेकरं झोळीत वाढलेली. कठड्याची कॉट त्या घरात पहिल्यांदाच आली. मी पाहिली, ह्यांनी पाहिली, गावातल्या बायका पाहून गेल्या. सगळ्यांनी कौतुकच केलं.

२०२० च्या दिवाळीला आम्ही गावी होतो. आर्वी नुकती सरकायला लागली होती. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी हे घरामागच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांकडे गेले, बाबा नदीकडच्या वावरात. दुपारी तिला पाजून कॉटमध्ये ठेवलं आणि मधलं दार उघडं ठेवून मी आईंसोबत ओसरीवर शेंगा सोलत बसले. एकदा उठून पाहिलं, निजली होती. पुन्हा उठले तेव्हा तिचे पाय कठड्याबाहेर लोंबत होते. पाय, पोट, छाती, सगळं फटीतून बाहेर आलं होतं. डोकं आलं नव्हतं.

ती रडली नाही, आचल. रडली असती तर मी तिथेच होते. तशा अवस्थेत रडता येत नाही, हे मला नंतर कळलं.

आई दांडा हाताने ओढत होत्या. साग तो, हलला नाही. मी तिला खालून वर उचलून उलटी सरकवली, तेव्हा निघाली. हे धावत आले, कुणाची तरी जीप मिळाली, डॉक्टरांनी हात लावला आणि ह्यांना बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. बाबांना अजून निरोप पोचला नव्हता.

परतताना जीपमध्ये तिला आईंनी पदराखाली धरलं होतं. तिथेच त्या बाबांबद्दल म्हणाल्या, "यायले सांगू नका. आपल्या हातच्या वस्तूनं नात गेली हे समजलं, तं हे इहिरीत जीव देतीन." ह्यांनी मान हलवली. माझ्यात तेव्हा बोलणंच नव्हतं. घरी पोचेपर्यंत आर्वी कफाने गेलेली होती.

आणि मग तो कफ माझ्या वाट्याला आला. एवढा कफ भरला आणि आईला कळलं नाही? शिकलेली बाई, दिवसभर मोबाइल पाहत असेल. मयताला आलेल्या बायकांनी म्हटलं, पाहुण्यांनी म्हटलं. माझ्या स्वतःच्या मावशीनेही. आई तिथेच बसलेल्या असत, भिंतीकडे बघत. मी का येत नाही गावच्या कार्यक्रमांना, हे तू एकदा विचारलं होतंस.

मी आईंना वाईट म्हणत नाही. त्यांना नवरा वाचवायचा होता आणि तो वाचला. पण आता तुझं बाळ येणार आहे. तू नाही म्हटलंस तरी भागणार नाही. बाबा ती कॉट परत माळ्यावर ठेवणार नाहीत, गावात कुणाच्या तरी नातवाला हौसेने देऊन टाकतील. म्हणून मी शनिवारी गावी जाते. हे म्हणतात, जाऊ नकोस, आईला शब्द दिलाय. शब्द त्यांनी दिला होता, मी नाही.

हे वाचून भाऊजींना सांग. त्यांनी बाबांना फोन करू नये. हे फोनवर सांगायचं नाही.

रागिणी


अकोला
२ मार्च २०२५

प्रिय आचल,

परवा फोनवर तुला रडूच आवरेना आणि मलाही काही सांगता आलं नाही. गावात दोन तऱ्हांनी बोललं जात असेल, ते तुझ्यापर्यंत येईल. म्हणून जे झालं ते लिहिते.

हे मला एसटी स्टँडवर सोडायला आले, गावी आले नाहीत. मी पोचले तेव्हा बाबा अंगणात कॉटला जवसाचं तेल लावत होते. मला पाहून इतके खूश झाले, की क्षणभर वाटलं पाणी पिऊन परत जावं.

"बाबा, हे काम थांबवा. मला काही सांगायचं आहे."

"सांग ना बाई. हात भरले हायेत, कान तं मोकळे हायेत."

मी उभ्यानेच सांगितलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि आई दारात आल्या. "रागिणी, तोंड बंद कर!" त्या ओरडल्या. त्या ओरडल्या म्हणूनच बाबांना ते खरं वाटलं असावं. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"कोनत्या दांड्यातून?"

मी दाखवलं. त्यांनी मूठ वळून त्या फटीत घातली. मूठ आरपार गेली, वर जागा उरली. ते कितीतरी वेळ तशीच मूठ धरून बसले. मग आईंकडे न बघता विचारलं, "तुले माईत होतं?"

"तुमच्यासाठीच केलं मी," आई म्हणाल्या. "तुमी जगले नसते."

"अन हिले लोकं बोलत होते, ते?"

बाबा माझ्याकडे वळले. "मी बी बोललो होतो तुले. पोळ्याच्या दिवशी, चार मानसायपुढं. मायचं ध्यान नोतं लेकरावर, असं म्हनलं होतं मी."

"हो," मी म्हटलं.

"अन तू आयकून घेतलं."

त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. राहू द्या, विसरा, असं काहीतरी. माझ्या तोंडातून ते निघालं नाही, आचल. मला ते खोटं वाटलं असतं.

मग त्यांनी हातोडी घेतली. मला वाटलं तोडतील. तोडली नाही. एकेक दांडा खालून ठोकून सावकाश काढला, सगळे दांडे भिंतीला लावून ठेवले आणि चप्पल घालून नदीकडच्या वावरात निघून गेले. तेव्हापासून ते तिथल्या खोलीतच आहेत. घरी जेवायला येत नाहीत, डबा नेला तर अर्धा परत येतो. आईंशी एक शब्द बोललेले नाहीत. हे आणि भाऊजी पाळीपाळीने तिथे मुक्कामाला का जातात, ते तुला भाऊजींनी सांगितलं नसेल. विहीर जवळच आहे.

आईंनी माझी पिशवी त्याच दिवशी ओसरीवर आणून ठेवली होती. "लेकरू गेलं तवा मी मानूस तरी राखला होता," त्या म्हणाल्या. "आज तू तोबी नेला. आता येऊ नको." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या रडत होत्या आणि मीही, दोघी एकमेकींपासून चार हातांवर.

हे माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. काल एवढंच म्हणाले, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही."

तुझ्या डोहाळजेवणाला आई येतील, त्यांना येऊ दे. मी येणार नाही. आम्हा दोघींना एका पंगतीत बसवून तुझा दिवस खराब करायचा नाही. हिरवी साडी ह्यांच्याबरोबर पाठवते. बाळ झालं की मात्र मी येईन, कुणी बोलावलं नाही तरी. दारातून पाहू द्यायचं की आत घ्यायचं, ते तू ठरव.

आणखी एक गोष्ट. आर्वीला आपल्याच त्या नदीकडच्या वावरात, धुऱ्याच्या कडेला ठेवलं आहे. त्या दिवशी बाबांच्या पायात बळ नव्हतं, ते आले नव्हते. त्यानंतर तिथे कितीदा नांगर फिरला, तुरी उभ्या राहिल्या, खूण काही उरलेली नाही. परवा त्यांनी ह्यांना विचारलं, "रागिणीले ती जागा ओळखू येते का?" इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मला येते. मी तसा निरोप पाठवला. उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे, घरावरून नाही, नदीकडच्या वाटेने.

स्वतःला जप. 

तुझ्या बाळाची मोठी आई,
रागिणी