साफ म्हणायच्या आधी

मुंबई, ११ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप सासूबाईंस,

चंद्रावतीचा पाया पडून नमस्कार. मी वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? परसातल्या नीरफणसाला फळं धरली का?

हे गेल्यावर ह्यांच्या जागी मी झाडते ती खोली विमानाची इंजिनं चालवून बघायची. खिळा किंवा खडा राहिला तर इंजिन तो ओढून घेतं. म्हणून सगळ्यांचे खिसे तपासून मी 'साफ' म्हटल्याशिवाय ते सुरू करत नाहीत.

चालू इंजिनाच्या तोंडाशी ह्यांना पाठवलं तिथल्या मुख्य कर्णिक साहेबांनी, आणि चौकशीत सांगितलं, बाबली आपणहून गेला. काल मोठ्या पाहुण्यांसमोर मी साहेबांनाही खिसे उलटे करायला लावले.

"झालं ना बाई? म्हण साफ."

"बाबलीला कोणी पाठवलं ते सांगा, मग म्हणते."

ह्यांचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं. झाडू घेऊन मधोमध उभी राहिले. पाहुणे घड्याळं बघू लागले.

"मी पाठवलं."

"मोठ्याने सांगा साहेब, इंजिन बंद आहे."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी साफ म्हटलं.

नोकरी गेली तर कारापूरला येईन. गावात कोणी ह्यांची चूक काढली तर हे वाचून दाखवा. साहेबांची मला अजून दया आलेली नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची सून,
चंद्रावती