बाळकुमचे सहा आठवडे

वर्तकनगर, ठाणे
रविवार, १७ मे

तीर्थरूप चांगदेवमामा यांना रत्नदीपचा सविनय जयभीम.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून टाकतो, कारण ती शेवटी केली की उरकल्यासारखी वाटते, असं तुम्ही मागे बोलून दाखवलं होतं. शेक देता ना? मामींनी बांधून दिलेला पट्टा जिन्यातच सोडून, खिशात घालून तुम्ही पेपर आणायला जाता, हे आईला कळलं आहे (मी सांगितलेलं नाही). पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत, म्हणजे माझ्याखेरीज. फोनवर काही सांगायला गेलं की तुम्ही "लेखी दे" म्हणता आणि व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं की अंगठा पाठवता. तेव्हा आमच्याच कॉलेजातून सत्तावीस वर्षं हेडक्लार्की करून निवृत्त झालेल्या माणसाला चालेल असं, डावीकडे समास सोडून लिहितो आहे.

मामा, मी पुरता हरलो आहे. मी काय शिकतो ते तुम्ही कल्याणात कोणाला सांगत नाही, ते बरंच करता, कारण मलाही धड सांगता येत नाही. रिक्रिएशन थेरपी म्हणजे आजारी माणसाला खेळातून, गाण्यातून, हातकामातून बरं वाटेल असं बघायचं (बरं करायचं नसतं, बरं वाटायला लावायचं असतं, हा फरक कळायला आम्हाला एक अख्खं सेमिस्टर लागतं). त्यासाठी आम्हाला बाळकुमच्या केंद्रात सहा आठवड्यांच्या प्लेसमेंटवर पाठवतात. ज्या मुलांच्या आजारावर आता इलाज उरलेला नाही, त्यांना तिथे त्रास कमी व्हावा म्हणून ठेवतात. एका विद्यार्थ्याला एक मूल आणि शेवटी मार्कांचा फॉर्म. मला रुचिता मिळाली. वय दहा, राहणार दिवा, सोबत तिची आई नंदाताई. वर्षभरात तिने माझ्याआधी पाच विद्यार्थी बघितलेले होते, त्यामुळे या खात्यातला अनुभव म्हणाल तर तिचाच जास्त.

पहिल्या दिवशी मी पिशवीभर सामान घेऊन गेलो. माती, रंगीत कागद, मोज्याचा बाहुला. तिने पिशवीत न बघताच विचारलं, "फुलपाखरू की मासा?" भिंतीवर नऊ फुलपाखरं आणि चौदा मासे आधीच चिकटलेले होते. मग तिने माझा फॉर्म मागून घेतला, शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मला समजावलं की मूल पहिल्याच दिवशी बोलायला लागलं तर 'प्रगती'च्या रकान्यात पुढे लिहायला काही उरत नाही, एका ताईचे त्यातच मार्क गेले होते. सबब ती तीन दिवस बोलणार नाही आणि चौथ्या दिवशी थोडं हसेल. मामा, पोरीने शब्द पाळला. तीन दिवस मी त्या मोज्याशी एकटाच गप्पा मारत बसलो. दुसऱ्या दिवशी बाहुल्याचा डोळा (माझ्या जुन्या शर्टाचं बटण) निसटून तिच्या वरणात पडला, तरी हूं नाही की चूं नाही. नंदाताई तोंडावर ओढणी धरून बसल्या होत्या, तेव्हा कट दोघींचा होता. चौथ्या दिवशी सकाळी अकराला रुचिता हसली आणि म्हणाली, "लिही आता, दादा."

दुसऱ्या आठवड्यात आमच्या स्वप्ना मॅडम काम बघायला आल्या. मी श्वासाचा खेळ ठेवला होता, म्हणजे फुगे फुगवायचे. ती दमू नये म्हणून तिच्या वाटणीचेही मीच फुगवत सुटलो आणि अकराव्या फुग्याला डोळ्यांपुढे काजवे चमकून आडवा झालो. शुद्धीवर आलो तो शेजारच्या रिकाम्या खाटेवर. रुचिता माझा हात थोपटत सांगत होती की लांब श्वास घे, घाबरू नको, मला तर रोज होतं. मॅडमनी फॉर्मवर "सहभाग उत्तम" असं लिहिलं, पण कोणाचा ते लिहिलं नाही.

मग मी सरळ तिलाच विचारलं की बाई, तुला काय खेळायचंय? तर म्हणे, टँकर-टँकर. दिव्यात पाण्याचा टँकर आला की जे होतं त्याचा खेळ. तिची व्हीलचेअर टँकर झाली, तोंडाने हॉर्न वाजला, ज्या मुलांना उठता येत होतं ती पेले, वाट्या, डबे घेऊन धावली आणि उरलेल्यांच्या आया लाइनीत उभ्या राहिल्या. दोनच मिनिटांत त्या आया हा खेळ आहे हे विसरल्या! "नंबर माझा होता", "हंडा बाजूला घे", "तुझ्या बापाचा नळ आहे का" अशी ती खरोखरची जुंपली, की वर्षभर त्या जागी दबक्या आवाजात बोलणाऱ्या बायकांना कंठ फुटला. भांडता भांडता त्या हसायला लागल्या आणि हसता हसता दोघीतिघी रडल्या. पाणी खरं होतं (ही चूक माझी, मला कागदाचे कपटे सुचलेच नाहीत). नेमके त्याच वेळी पाहुण्यांना केंद्र दाखवायला निघालेले विश्वस्त दारातून आत आले आणि पाय घसरून औषधांच्या टेबलापर्यंत बसूनच पोचले. त्यांनी उठायच्या आत रुचिताने बजावलं, "ओ काका, लाइनीत या."

मला लेखी समज मिळाली. स्वप्ना मॅडमनी वेगळं बसवून सांगितलं की तू जास्त गुंततो आहेस, अंतर ठेवायला शीक, या कामात ते जमलं नाही तर माणूस टिकत नाही. त्या बरोबर असतील. मला नाही जमत. घरी जेवायला बसलो की आधी वरणात बटण शोधतो.

आणि परवा शुक्रवारी शेवटची परीक्षा, निरोपाचं सत्र. यात मुलाच्या हाताला रंग लावून कार्डावर ठसा घ्यायचा, खाली आपला ठसा द्यायचा आणि आपण आता येणार नाही हे मुलाला त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचं. मी चार दिवस आरशासमोर तालीम केली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात पाच कार्डं होती, माझ्याआधीच्या पाचही जणांच्या सह्यांची. मग तीच समजुतीच्या सुरात म्हणाली, "टेन्शन नको घेऊ, दादा. मला माहितीये. तुम्ही सगळे सहा आठवड्यांत बरे होऊन घरी जाता."

मामा, मी रंगाची बाटली तिथेच ठेवून बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो, चांगला सव्वीस वर्षांचा घोडा असून. फॉर्मातलं निरोपाचं पान कोरं राहिलं. ते पान कोरं तर विद्यार्थी नापास, हा नियम आहे. झालं ते असं. मी या कामाच्या लायकीचा नाही. एखाद्या ऑफिसात कागद लावायची नोकरी असेल तर कळवा, कागदाला निरोप द्यावा लागत नाही. मामींना जयभीम, गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
रत्नदीप

ता. क. : आईने तुमच्यासाठी कुरडया ठेवल्या आहेत. त्या वरणाशी छान लागतात म्हणे.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात आईने हसत हसत सांगितलं की तिच्याकडून कळताच तुम्ही कालच कॉलेजात फोन केलात आणि माझं पास होणं पक्कं करून टाकलंत. मामा, सत्तावीस वर्षांत सख्ख्या भावाच्या पोराचा अर्ज तुम्ही एक दिवस उशीर झाला म्हणून परत केलात. आयुष्यात पहिल्यांदा वशिला लावलात, तो माझ्यासाठी. तुमचं प्रेम मला कळतं. पण हे काय करून बसलात?

ता. क. ३ : वर नोकरीचं लिहिलं ते खोडलेलं समजा. नापास झालेल्याला त्याच केंद्रात, त्याच मुलाबरोबर सहा आठवडे पुन्हा काढावे लागतात. त्यासाठीच ते पान मी नंतरही भरलं नाही, मॅडमनी दोनदा आठवण करूनसुद्धा. तेव्हा उद्या ऑफिस उघडताच फोन करा आणि सांगा की भाचा आहे म्हणून मुळीच गय करू नका. लेखी हवं असेल तर हेच पत्र दाखवा. उशीर करू नका. नंदाताई जूनच्या शाळेसाठी दप्तर आणायचं म्हणत होत्या, त्यांना डॉक्टरांनी सांगितलं की घाई करू नका. मी दोनदा नापास व्हायलाही तयार आहे, मामा. पण सिस्टर म्हणतात, एकदा पुरे होईल.