बाराव्या मजल्याविरुद्ध अ‍ॅस्परॅगस

तीर्थरूप ताई,

दोन्ही हात मातीने बरबटलेले असल्यामुळे कोपरापासून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांना सांग, माझ्याइतका त्रास तुम्हाला नक्कीच होत नसेल. इकडे आमच्या तब्येती ठीक आहेत, माझं डोकं सोडून. आणि त्या डोक्याला जबाबदार तू आहेस. वाढदिवसाला लोक पेन देतात, मफलर देतात. तू अ‍ॅस्परॅगस नावाच्या विलायती भाजीच्या बियांचं पाकीट दिलंस आणि वर 'घरच्या घरी अगदी सोपं आहे रे' असं म्हणालीस. सोपं!

आधी चिरंजीवांचं सांगतो, कारण सगळं तिथे अडलंय. त्याने आमच्यासाठी स्वतःच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात. हे घर, हे अंगण सोडून महिनाअखेर तिकडे या, असा त्याचा धोशा. मुलगा वाईट नाही गं, हीच तर पंचाईत आहे! वाईट असता तर सरळ भांडलो असतो. मला इथून हलायचं नाही. (बाराव्या मजल्यावरच्या माणसाला 'काय, झाला का चहा?' असं रस्त्यावरून कोण विचारणार? विचारलं तरी ऐकू कुठे येणार?) तुझी भावजय मात्र उठता-बसता 'तिकडे लिफ्ट आहे, तिकडे चोवीस तास पाणी आहे' असा जप करते. म्हणजे या घरात मी एकटा पडलो. अशा वेळी तुझ्या पाकिटाच्या मागे वाचलं, की पहिली काढणी तिसऱ्या वर्षी, आणि तोवर मुळं हलवू नयेत. ताई, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. चिरंजीवांना सांगून टाकलं, काढणी झाली की येतो. त्याने पाकीट दोनदा वाचलं, मान खाजवली आणि पाकीट परत माझ्या हातात ठेवलं.

मग काय, पेरणं भागच पडलं. बिया दोन दिवस भिजवायच्या म्हणून वाटीत घालून ओट्यावर ठेवल्या, तर हिने मिरी सांडली समजून वाटी घासायला टाकली. पन्नासांपैकी अठ्ठावीस बिया मी मोरीच्या जाळीतून चिमट्याने वेचल्या. (उरलेल्या गटारात उगवल्या असतील तर नगरपालिकेला माझ्या शुभेच्छा.) त्या सात कुंड्यांत पेरल्या, कुंड्यांना नंबर दिले, वही घातली आणि बसलो. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले, ढिम्म! चौतीस वर्षं मी दुकानदारांची वजनं-मापं तपासली, पण इतका आडमुठा माल आयुष्यात पाहिला नाही. वर ही रोज भाजी चिरता चिरता 'उगवलं का?' असं विचारायची, आणि तेही मान वर न करता.

चोविसाव्या दिवशी उगवलं एकदाचं. पण त्यात दोन प्रकार. काही केसासारखे बारीक दोरे, इकडे झुकलेले, तिकडे कलंडलेले, शेंड्याला कसलासा पिंजारलेला भुसा. काही मात्र ताठ, हिरवेगार, शिस्तीत उभे. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मापात न बसणारी वस्तू मी जागच्या जागी जप्त करतो. फूटपट्टी लावली आणि सगळे दोरे उपटून फेकले. उरलेली रोपं काय वाढलीत म्हणतेस! वहीत रोजची उंची लिहितो. पाणी पिचकारीने घालतो. त्यांच्यावर मांजर बसू नये म्हणून सकाळपासून अंगणात राखण करतो आणि शेजारी विचारतात, 'काय, घराबाहेर काढलं का?' दर रविवारी चिरंजीव येतो, कुंड्यांपुढे हात मागे बांधून उभा राहतो आणि उसासा टाकून जातो.

तर असं आहे. तुझ्या कृपेने घर वाचलं, पण माझी पाठ गेली. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा, तूच छळलेला,
धाकटा भाऊ

ता. क. : पत्र लिहून झालं आणि रोपवाटिकेतला माळी खताची पिशवी द्यायला आला. त्याने कुंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात म्हणाला, "काका, हे गवत आहे. छान आलंय, पण गवतच आहे." खरी रोपं म्हणजे ते दोरे! अगं, मी माझ्या हाताने, फूटपट्टी लावून! आता या रविवारी सूनबाई मोबाइल घेऊन येणार आहे. त्यावर पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव कळतं म्हणे. मग पुढच्या आठवड्यात आम्ही बाराव्या मजल्यावर. तसलंच पाकीट तूही तुझ्याकडे पेरलं होतंस ना, त्याची रोपं आहेत ना? शनिवारपर्यंत काहीही करून सात घेऊन ये. बोलणी नंतर खाईन. आणि तुझ्या भावजयीला पत्ता लागू देऊ नकोस, ती त्याच पावली बॅगा भरायला घेईल.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून चिकटवायच्या आधी वाचलं. तुम्ही कंबर घेऊन धावत येऊ नका. यांनी फेकलेले दोरे मी त्याच दुपारी उचलून न्हाणीमागच्या फुटक्या बादलीत लावलेत. नऊ जगलेत. शनिवारी हे आंघोळीला गेले की कुंड्यांत लावून टाकीन. लिफ्टचं कौतुक मी करते ते मुलाला वाईट वाटू नये म्हणून. मला तरी कुठे जायचंय? तिथे भांडायला एक शेजारीण ओळखीची नाही. यांना इतक्यात काही सांगू नका, चार दिवस फुटू दे घाम. बियांचं आणखी एक पाकीट मात्र आठवणीने पाठवा. तीन वर्षं काय, बघता बघता सरतील. पुढच्या वर्षीची पेरणी मी स्वतः करणार आहे.