संस्कृतीसाठी जातं

बजाजनगर

ती. आईस, आम्हा दोघी बहिणींचा नमस्कार.

डॉक्टरांनी धाकट्या संस्कृतीचा गहू आणि दूध बंद केल्यापासून मी ज्वारी, गूळ आणि शेंगदाणा तेलाची बिस्किटं कुकरमध्ये भाजते. ती आवडीनं खाते. पोट मात्र परत दुखलं. मग लक्षात आलं, गिरणीत गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गहू उतरतो.

आता शेजारच्या गोजरबाईंच्या फक्त डाळ भरडायच्या जात्यावर दळते. त्या हसतात, “बी.एस्सी. झालीस अन् जातं वढतीस व्हय!”

संस्कृतीचं वजन अजून वाढलं नाही, पण तू काळजी करू नकोस. बाबा वेळेवर जेवतात ना?

आपल्या जात्याच्या दगडांना पाथरवटाकडून टाकी लावून ठेव, त्यात गहू घालू नकोस. संस्कृती घरी आली की लागेल. ती येणारच आहे.

तुझी थोरली,
मोनिका