आतून कडी नसलेलं दार

मोताळा, शुक्रवार, दिवेलागण

उद्या देऊळगाव राजाचे पाहुणे रूपाला पाहायला येणार. तिच्या बाबांनी तर शब्दही देऊन टाकलाय.

मी कणीक मळत होते, तेवढ्यात पोरीनं मोबाइल पुढे धरला. तिच्या आवडत्या परदेशी गायिकेचं नवं गाणं. पांढरा झगा घातलेली ती बाई एका घरात नुसती फिरते. दार आहे, पण उघडायला आतून कडीच नाही.

"हा झगा तिच्या आईच्या लग्नातला हाये," रूपा म्हणाली. "आता ओळख, तिनं काऊन घातला असन?"

"हौस असन."

"अन् दाराले कडी काऊन नाही?"

"सुतार विसरला असन."

ती हसली नाही. "भुलाबाईत तं सगळ्यात पह्यले तूच ओळखत होती म्हणे."

ओळखायचे खरी. लहानपणी भुलाबाईची गाणी झाली की मैत्रिणी खाऊचा बंद डबा हलवून दाखवत, आणि नुसत्या आवाजावरून मी सांगायचे, शेंगदाणे की बत्तासे.

मग आज काय झालं? तिनं गाणं पुन्हा लावलं. पुन्हा ते दार. "मले नाही समजत हे इंग्रजी," म्हणून मी मान खाली घालून कणीक मळत राहिले. ह्यांच्यापुढे माझं काय चालणार? माझ्या लग्नात तरी मला कोणी विचारलं होतं?

समजलं होतं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच. पण भुलाबाईत बरोबर ओळखलं की डबा उघडावा लागतो.